मोडीतली शेवरोले आणि पाव मैल

वर्षानुवर्षं गवतात उभी राहून कुजलेली जुनी गाडी हाती आली की तिचं काय करावं, याचं उत्तर ठरलेलं असतं: कारखान्यातून निघाली तशी पुन्हा करावी, पॉलिश मारावं आणि रविवारी बाहेर काढावी. माझ्या शेडमधल्या गाडीला हे उत्तर लागू पडत नाही, असं माझं ठाम मत आहे. ती १९५५ ची शेवरोले आहे, दोन दारांची साधी सेडान, ओहायोच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खालून खाल्लेली. तिची मी १९६० च्या दशकातल्या धाटणीची ड्रॅग गाडी करतो आहे: नाक वर, पुढे ट्रकला असतो तसा अखंड एक्सल, मागे गुळगुळीत टायर, आणि शर्यत सरळ रेषेत पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. अमेरिकेत अशा गाड्यांना गॅसर म्हणतात, कारण पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलवर, तिकडच्या बोलीत ‘गॅस’वर, धावणाऱ्या गाड्यांच्या वर्गात त्या उतरत. मोडीत निघालेल्या सर्वसाधारण गाडीसाठी हा मार्ग जीर्णोद्धाराइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, इतिहासाला धरून आहे. अट एवढीच की जुनं रूप उचलताना त्यामागचं कारणही उचललं पाहिजे.

आधी गाडीची अवस्था पाहू. अशा गाडीच्या पत्र्यावर हातोडीने हलकेच टोकत जावं. खणखणीत आवाज आला तिथे लोखंड शाबूत आहे. भद्द आवाज आला तिथे रंगाच्या आत फक्त गंजाचे पापुद्रे आहेत. दाराखालचे पट्टे, डिकीचा तळ, पाय ठेवतो तिथला पत्रा, हे भाग बहुधा भद्दच वाजतात. चासी जाड असते. तिच्यावर तारेचा ब्रश फिरवला की वरचा तांबडा थर झडतो आणि खाली घट्ट धातू लागतो. म्हणजे जे भार पेलतं ते टिकलेलं आणि जे नटवतं ते गेलेलं. जीर्णोद्धारात पैसा नेमका नटवणाऱ्या भागांवर जातो: क्रोमचे बंपर, खिडक्यांच्या कडेच्या पट्ट्या, डॅशबोर्डवरचे डायल, सीटचं मूळ नमुन्याचं कापड. गॅसरला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही; वजन घटवायला बंपर आणि मागची सीट तेव्हाही काढून ठेवत. शिवाय शेवरोलेने १९५५ सालच्या सुमारे सतरा लाख गाड्या बनवल्या. त्यातल्या नीट जपलेल्या, मूळ रंगातल्या गाड्या आजही भरपूर आहेत. त्यात आणखी एकीची भर घालायची म्हणून बहुतांश नवे सुटे भाग आणून जुन्या चासीवर चढवले, तर उभी राहील ती गाडी जुनी म्हणायची कशाच्या जोरावर?

आता इतिहासाकडे. ड्रॅग शर्यत अमेरिकेत रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि ती टाकाऊ वस्तूंवर रुजली. कॅलिफोर्नियात सांता आना इथे १९५० मध्ये विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. युद्धानंतर रिकाम्या पडलेल्या लष्करी धावपट्ट्याही पुढे अनेक ठिकाणी कामी आल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. गॅस वर्गांचे नियम साधे होते. गाडीचं वजन आणि इंजिनाचं घनमाप यांच्या गुणोत्तरावरून वर्ग ठरे, त्यामुळे लहान इंजिन असलेल्यालाही आपल्या तोलाचे प्रतिस्पर्धी मिळत. पोरं कुठली गाडी घेत? जी कुणालाच नको होती ती. १९३३ ते १९४२ या काळातल्या विलीज कूपे पन्नासच्या दशकात जुन्या बाजारात कवडीमोलाने जात. आकाराने लहान, वजनाला हलक्या, म्हणून त्याच या वर्गाच्या राण्या झाल्या. ‘ओहायो जॉर्ज’ माँटगोमेरीची १९३३ ची विलीज, आणि स्टोन, वुड्स व कुक यांची १९४१ ची विलीज या गाड्यांनी साठच्या दशकात मैदानं गाजवली. स्टोन आणि वुड्स हे कृष्णवर्णीय मालक होते आणि डग कुक हा गोरा चालक. त्या काळच्या अमेरिकेत असा संघ एकत्र शर्यतीत उतरला, ही गोष्ट मला इंजिनाच्या ताकदीइतकीच मोलाची वाटते.

गाड्यांसारखेच सुटे भागही दुसरीकडून उचललेले असत. इंजिनावर बसवायचा सुपरचार्जर मुळात जनरल मोटर्सच्या दोन स्ट्रोकच्या डिझेल इंजिनावरचा ब्लोअर होता. पुढचा अखंड एक्सल ट्रकचा किंवा डिलिव्हरी व्हॅनचा असे. १९५५ ची शेवरोलेही याच वाटेने आली. त्या वर्षी शेवरोलेने २६५ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ४.३ लिटरचं नवं व्ही-८ इंजिन आणलं. पुढे घनमाप २८३, ३२७, ३५० असं वाढत गेलं तरी ब्लॉकची बाहेरची मापं फारशी बदलली नाहीत, त्यामुळे अपघातात गेलेल्या नव्या गाडीचं इंजिन जुन्या गाडीत सहज बसे. दहा वर्षं जुनी, किंमत उतरलेली सेडान आणि भंगारातलं मोठं इंजिन, एवढ्यावर एखादा कामगार शनिवारी रात्री शर्यतीत उभा राहू शकत होता. मोडीत पडलेल्या गाडीला हाच मार्ग खुला करणं म्हणजे त्या परंपरेचं मूळ काम पुढे चालवणं, असं मी म्हणतो ते यामुळे.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचाच असतो, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, नाक वर करण्याला आज शास्त्राचा आधार उरलेला नाही. हिशेब करून पाहू. चालकासह १४५० किलोची गाडी, दोन चाकांतलं अंतर २९२ सेंटिमीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर, आणि सुटताना वेगवृद्धी गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट धरली, तर पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर सुमारे २४० किलो भार सरकतो. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटरने उचलला तर त्यात सुमारे ४० किलोंची भर पडते. फायदा आहे, पण थोडा. इंजिन मागे सरकवून, बॅटरी डिकीत नेऊनही यातलं बरंच साधतं. नियमांतही इंजिन चाकांतल्या अंतराच्या १० टक्क्यांपर्यंत मागे नेण्याची मुभा होती. उंची मात्र मोकाट सोडलेली नव्हती: क्रँकशाफ्ट जमिनीपासून २४ इंचांच्या वर नको, असं बंधन आलं. मग तेव्हाच्या लोकांनी ४० किलोंसाठी एवढा आटापिटा का केला? कारण त्यांचे टायर अरुंद आणि कडक होते. ताकद होती, ती रस्त्यावर उतरवता येत नव्हती. टायरची पकड जशी सुधारली तशी उंच नाकाची गरज संपली, आणि साठच्या दशकाच्या शेवटी खुद्द माँटगोमेरीही विलीज सोडून बुटक्या मस्टँगच्या बॉडीकडे वळले.

म्हणूनच माझा आग्रह असा की उंची घ्यायची तर टायरही त्या काळच्या मापाचे घ्यावेत. आजचे रुंद, चिकट टायर लावून वर नाक उंच ठेवलं तर तो नुसता वेष झाला. अरुंद टायरवर तीच उंची पुन्हा कामाला लागते, आणि चालकालाही क्लच किती सोडायचा, पाय कधी दाबायचा, हे शिकावं लागतं. अखंड एक्सलचंही तसंच. वजन घटावं आणि रचना सोपी व्हावी म्हणून तो बसवत. तो पाट्यांच्या स्प्रिंगवर टेकवताना बारीकसारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात. पुढचं चाक ज्या पिनेभोवती वळतं त्या किंगपिनच्या बुशला रीमर फिरवून थांबायचं कधी, तर पिन अंगठ्याच्या दाबाने सरकत आत जाईल तेव्हा. त्याआधी थांबलं तर स्टिअरिंग जड, त्यानंतर थांबलं तर चाक थरथरणार. किंगपिनचा मागे झुकणारा कोन सहा-सात अंश ठेवला तर गाडी सरळ धावते. स्टिअरिंगचा आडवा दांडा पाट्यांच्या वर-खाली होण्याशी जुळलेला नसेल, तर ब्रेक दाबताच किंवा उंचवटा लागताच चाक आपोआप वळतं. हे सगळं जमलं तर जुना एक्सल सरळ रेषेत उत्तम काम करतो. न जमल्यास दोष एक्सलचा नसतो, बसवणाऱ्याचा असतो.

दुसरा आक्षेप जीर्णोद्धार करणाऱ्यांचा: गाडी एकदा कापली की कापली. हा आक्षेप मी मानतो, आणि त्याचं उत्तर गाडी कुठे आहे यावर अवलंबून आहे. हीच १९५५ ची शेवरोले मुंबईत किंवा पणजीत सापडली असती तर तिला करवत लावण्याच्या मी विरोधात उभा राहिलो असतो. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला आणि पन्नासच्या दशकात बंद पडला. त्यानंतरच्या वर्षांतल्या अमेरिकन गाड्या तिकडे मोजक्याच पोचल्या, आणि त्यातली प्रत्येक टिकलेली गाडी हा तिथल्या शहरी जीवनाचा पुरावा आहे. भारतात २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनेही पन्नास वर्षांहून जुनी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडीच व्हिंटेज म्हणून मानली आहे. तिथे ते योग्यच आहे. ओहायोतल्या मिठाने खाल्लेल्या, सतरा लाखांतल्या एका सेडानला तोच निकष लावणं मला पटत नाही. इथेही दुर्मीळ मॉडेल असेल, मूळ इंजिन जागेवर असेल, पत्रा शाबूत असेल, तर त्या गाडीला हात लावू नये, हे मी ज्याला-त्याला सांगतो. मागच्या चाकांवरची कमान कापून मोठी करणं हा गॅसरचा ओळखीचा खाक्या आहे. पण रुंदीत बसणारे टायर निवडले तर पुष्कळदा ती कापावी लागत नाही. जिथे कापल्याशिवाय भागतं तिथे कापायचं नाही, हा नियम मी स्वतःपुरता पक्का केला आहे.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तिथे माझी काळनिष्ठा संपते. त्या काळी लोक पत्र्याच्या साध्या बादली-सीटवर बसून, कमरेच्या एका पट्ट्यावर भिस्त ठेवून धावले. क्लचचं फ्लायव्हील फुटून त्याचे तुकडे चालकाच्या पायांतून गेल्याच्या घटना घडल्या. १९७० मध्ये लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा गिअरचा भाग फुटला आणि त्यांच्या उजव्या पायाचा काही भाग गेला. त्यातूनच चालकाच्या मागे इंजिन ठेवण्याची रचना त्यांनी यशस्वी करून दाखवली. टायर अरुंद होते त्यामागे तेव्हाची मर्यादा होती आणि त्या मर्यादेतून कौशल्य निर्माण झालं, म्हणून ते जपावेत. क्लचभोवतीचं आवरण, म्हणजे बेलहाऊसिंग, अॅल्युमिनियमचं होतं ते धोक्याची पुरती कल्पना नव्हती म्हणून, आणि त्यात जपण्यासारखं काही नाही. तिथे जाड पोलादी आवरणच हवं. प्रॉपेलर शाफ्टखाली कडी हवी, म्हणजे पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्ट जमिनीत रुतून गाडी उलटणार नाही. पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात कापणाऱ्या गाडीला रोल बार लागतो. वेग कितीही असो, तो बसवावाच या मताचा मी आहे. जुन्या गाडीत नवा रोल बार डोळ्यांना खुपतो, अशी तक्रार ऐकू येते. तो चालकाच्या सीटच्या मागे असतो आणि गाडीच्या रंगात रंगवता येतो. खुपला तरी चालेल.

राहिला पेट्रोल आणि धुराचा मुद्दा. अशी गाडी ट्रेलरवरून मैदानात जाते, पाव मैल धावते आणि परत येते. वर्षभरात ती जेवढं जाळते तेवढं रोज कामावर जाणारी एक साधी गाडी फार थोड्या दिवसांत जाळत असेल. मला खरी चिंता वेगळी आहे: धावायला जागा उरेल का? लायन्सची पट्टी १९५५ मध्ये सुरू झाली आणि १९७२ मध्ये बंद झाली. शहरं वाढली तशा आणखीही पट्ट्या गेल्या. आजही साउथईस्ट गॅसर्स असोसिएशनसारख्या संस्था १९६७ पर्यंतच्या काळाला धरून नियम करतात आणि त्या नियमांनुसार शर्यती भरवतात. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, म्हणजे विमानाच्या पट्टीवर गाडी पळवण्याची कल्पना आपल्याकडच्यांना परकी नाही. पण पट्टी चालवायची तर प्रेक्षक लागतात, आणि प्रेक्षक येतात ते गाड्या प्रत्यक्ष धावताना बघायला. दोरीच्या कुंपणाआड उभ्या असलेल्या शंभर चकचकीत शेवरोल्यांपेक्षा क्लच सोडताना नाक आणखी हातभर उचलणारी एक गाडी पट्टीच्या जास्त उपयोगाची आहे.

गाडीतून काढलेला पुढचा मूळ सस्पेन्शन-संच मी तेल लावून, चिठ्ठ्या बांधून ठेवला आहे. चासीला कुठे वेल्डिंग केलं, कुठल्या जाडीचा पत्रा वापरला, मूळ भोकं कुठे होती, याची वही आणि फोटो त्याच्यासोबत आहेत. पुढच्या मालकाला माझा युक्तिवाद पटला नाही, तर त्याला ही गाडी पुन्हा कारखान्यातल्या रूपात नेता यावी, म्हणून हे सगळं गाडीबरोबरच त्याच्याकडे जाईल.