वरचे पैसे

भरलेला घरगुती सिलिंडर साधारण तीस किलोचा असतो. आत १४.२ किलो गॅस, बाकीचं वजन लोखंडाचं. पुण्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तो खांद्यावर घेऊन तीन मजले चढलेला माणूस दारात टेकतो, घाम पुसतो आणि म्हणतो, "ताई, वरचे तीस." पावतीवर छापलेल्या किमतीत सिलिंडर घरपोच आणून देण्याचा खर्च धरलेला असतो. पावतीपेक्षा जास्त पैसे मागायचे नाहीत, असा तेल कंपन्यांचा नियम आहे. ग्राहकाने स्वतः गोदामातून सिलिंडर उचलला तर उलट काही रक्कम कमी होते. म्हणजे नियमाने ते तीस रुपये देणं लागत नाही. पण नियम वाचला म्हणून जिना कमी होत नाही.

आमच्या इमारतीत या तीस रुपयांवरून दोन तट आहेत. तळमजल्यावरचे आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. ते पावती पाहून सुट्ट्यासकट नेमकी रक्कम मोजतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मागायच्या आधीच पन्नासची नोट काढतात. दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत. एकदा मी सिलिंडरवाल्या दादालाच विचारलं, एजन्सी किती देते? तो म्हणाला, सिलिंडरमागे ठरलेले पैसे मिळतात. घर तळाला असो नाहीतर चौथ्या मजल्यावर, आकडा तोच. म्हणजे त्याच्या जिन्याच्या कष्टाचा हिशेब ना एजन्सीकडे, ना आमच्या पावतीवर.

तेव्हापासून आमच्या घरी क्रम ठरला. आधी पावतीचे पैसे, चोख. मग सील पाहायचं, वजन करून घ्यायचं, गळती तपासून घ्यायची. ही कामं त्याच्या कर्तव्यातच येतात, त्यांचे वेगळे पैसे नाहीत. सगळं झाल्यावर जिन्याचे पैसे, आपल्या खुशीने. मात्र कुणी खालूनच "वरचे आधी द्या, नाहीतर सिलिंडर इथेच ठेवतो" म्हणालं, तर एक रुपयाही द्यायचा नाही आणि १८००-२३३३-५५५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करायची. रक्कम दोन्ही वेळी तीसच असेल, पण पहिल्या वेळी माझं हक्काचं काही अडलेलं नसतं आणि दुसऱ्या वेळी ते अडवून धरलेलं असतं. पुढे टिपेचा प्रश्न जिथे जिथे आला, तिथे मी हेच आधी पाहत गेले: अडवण्याची ताकद कुणाच्या हातात आहे?

वहिनीचं बाळंतपण सरकारी रुग्णालयात झालं. बाळाला दुपट्यात गुंडाळून आणलेली आया दाराशीच थांबली. "मुलगा झालाय, हजार तरी होतात. मुलगी असती तर पाचशेवर भागलं असतं." बाहेर बसलेल्या बायकांना या दराचं काही नवल वाटलं नाही. शेजारी बांधकामावरच्या मजुराचं कुटुंब होतं; त्यांनी आदल्या दिवशी मुकादमाकडून उसने आणून पैसे दिले होते. आईने आवाज न चढवता सांगितलं, "बाळ आधी द्या. पैशांचं सिस्टरांसमोर बोलू." सिस्टर इन्चार्जना बोलावणं गेलं आणि बाळ लगेच आजीच्या कुशीत आलं.

अशा वेळी लोक म्हणतात, आनंदाचा दिवस आहे, कशाला वाद घालायचा? पण सरकारी सेवेतल्या माणसाने कामासाठी मागितलेले पैसे ही लाच आहे, तिला खुशी म्हणता येत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याला जबरदस्तीने द्यावी लागली, त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केली तर त्याला संरक्षण मिळतं. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. प्रसूतिकक्षाच्या दाराशी हे कुणाच्या ध्यानात राहत नाही, म्हणून तो तिथल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवा.

त्याच वॉर्डात रात्रपाळीची दुसरी एक आया होती. वहिनीला उठता येत नव्हतं तेव्हा तिने बाळाचे कपडे बदलले, दूध पाजायला कसं धरायचं ते समजावलं, आणि काही मागितलं नाही. तिच्या हातावर काहीतरी ठेवावं असं आईला फार वाटत होतं. आम्ही पैसे दिले नाहीत. आज तिने घेतले असते तर उद्या पलीकडच्या खाटेवरच्या बाईकडूनही ते अपेक्षित झाले असते, आणि त्या बाईला परवडलं नसतं. रुग्णालयातून निघताना वॉर्डात सगळ्यांना पेढे दिले, आणि अधीक्षकांच्या नावे पत्र लिहून या आयाच्या कामाची नोंद करायला सांगितली. सरकारी नोकरीत असं पत्र फायलीला लागतं, त्याला मोल असतं.

हॉटेलात गोष्ट उलटी असते. तिथे वेटरच्या हातात अडवण्यासारखं काही नसतं. अडवतं ते बिल. मैत्रिणींबरोबर मुंबईतल्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये जेवलो, तर बिलात दहा टक्के सेवाशुल्क आधीच मिळवलेलं. हजार रुपयांच्या जेवणावर शंभर रुपये, आणि त्या शंभरावर पुन्हा पाच टक्के जीएसटी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढून याला मनाई केली: सेवाशुल्क परस्पर बिलात घालायचं नाही, दुसऱ्या नावाने वसूल करायचं नाही, ते ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगायचं. रेस्टॉरंट चालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. काही काळ स्थगिती होती, पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. कुणी ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मॅनेजर म्हणाले, "मॅडम, हे पैसे स्टाफलाच जातात." एका मैत्रिणीने शेजारी उभ्या वेटरला सरळ विचारलं, "तुम्हाला मिळतात ना?" त्याने मॅनेजरकडे पाहिलं आणि टेबलावरचे ग्लास गोळा करायला लागला. आम्ही सेवाशुल्क काढून नवं बिल मागितलं आणि ते मिळालं. तेवढीच रक्कम रोख त्या वेटरला दिली. आमचे पैसे वाचले नाहीत, वाचवायचेही नव्हते. ते पोचले का, एवढंच पाहायचं होतं.

पोचण्याची ही अडचण साध्या उडुपी हॉटेलांतही आली आहे, आणि ती कुणाच्या लबाडीने नाही. पूर्वी बिलाबरोबर बडीशेपेची ताटली यायची आणि उरलेले सुट्टे पैसे तिच्यातच राहायचे. आता ग्राहक गल्ल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करतो, पैसा मालकाच्या खात्यात जमा होतो, आणि सुट्टे उरतच नाहीत. आमच्या भागातल्या हॉटेलात वर्षानुवर्षं काम करणारे अण्णा सांगतात की संध्याकाळच्या चहाचा नि घरी फोन करण्याचा खर्च या सुट्ट्यांवर निघायचा, तो आता पगारातून करावा लागतो. काही हॉटेलांनी गल्ल्यावर पेटी ठेवली आहे आणि रात्री ती उघडून सगळ्यांत वाटणी होते. मला ही पेटी अधिक न्यायाची वाटते. मागे मोरीवर भांडी घासणाऱ्या पोराचं तोंडही ग्राहकाला दिसत नाही. ताटलीतली नोट त्याच्यापर्यंत कधीच जायची नाही, पेटीतली जाते. पेटी नसेल तिथे मी दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवते आणि हातात देते.

फोनवरच्या अ‍ॅपनी टिपेची वेळच उलटी केली. रिक्षा किंवा टॅक्सी यायच्या आधीच पडद्यावर प्रश्न येऊ लागला: लवकर गाडी हवी तर किती टिप द्याल? मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी या पद्धतीला अनुचित म्हटलं आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला नोटीस बजावली. गाडी मिळायच्या आधी दिलेले पैसे म्हणजे भाड्यावरची बोली. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे किंवा ज्याची रेल्वे सुटते आहे, तो जास्त बोली लावतो. चालक कसा आहे, गाडी कशी चालवतो, याच्याशी तिचा संबंध नाही. प्रवास संपल्यावर मात्र देण्यासारखं पुष्कळ असतं. एखाद्या आजोबांना हात धरून उतरवणारा रिक्षावाला त्याच प्रवासात भेटू शकतो.

मैत्रिणीचा मुलगा कॉलेज सांभाळून जेवणाची पार्सलं पोचवतो. टिप किती द्यावी, असं विचारल्यावर त्याने रक्कम सांगितलीच नाही. "मावशी, पत्ता नीट टाका आणि लिफ्ट वापरू द्या," म्हणाला. डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये, अशा पाट्या अनेक सोसायट्यांत आहेत. भर पावसात आलेला मुलगा सात मजले जिन्याने चढतो आणि वर त्याला वीस रुपये मिळतात. सोसायटीच्या सभेत हा विषय मांडून पाटी काढून घेणं, हे त्या वीस रुपयांच्या आधीचं काम आहे.

सर्वांत जास्त विचार करायला लावते ती दिवाळी. पोस्त मागायला सगळे येतात: वॉचमन, जिना झाडणाऱ्या ताई, पेपरवाला. इथे देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणारा वर्षभराचं काम आधीच करून बसलेला असतो, म्हणून इथे हात आखडता घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. मुंबईचे डबेवाले दिवाळीला महिन्याभराचे जादा पैसे घेतात आणि त्यांच्या ग्राहकाला ते आधीपासून ठाऊक असतं. त्यात लाचारी नाही. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस वर्षाच्या वेतनाच्या ८.३३ टक्के ठरवला होता, म्हणजे साधारण बारावा हिस्सा, जवळपास एका महिन्याचा पगार. तो कारखान्यांना आणि वीस किंवा अधिक माणसं कामाला असणाऱ्या आस्थापनांना लागू होता. घरकाम करणाऱ्या बाईला कुणी असा बोनस लावलेला नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, तरी दिवाळीला तिच्या हातावर काय पडेल, हे आजही त्या-त्या घराच्या मर्जीवर आहे. ऑफिसात बोनसची वाट पाहणाऱ्यांनी घरातल्या कामाला तेच माप लावावं.

एक मात्र पाहावं लागतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारोदार कचरा गोळा करतात. घराघरातून मिळणारं महिन्याचं शुल्क हा त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग. आमच्याच गल्लीतली काही घरं "दिवाळीला देऊ की एकदम" म्हणत ते थकवतात आणि मग दिवाळीत साडी देतात. साडी सुंदर असते. पण थकलेल्या शुल्कातून मुलीची फी भरता आली असती, साडीतून येत नाही.

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी हेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं. गेल्या दिवाळीत पाकीट दिलं, तसं त्यांनी ते कमरेला खोचलं आणि म्हणाल्या, "दिवाळीचं दिलंत, बरं झालं. पण पगाराचं बोला. चार घरं आहेत माझी. बोनस चौघं देतात, वाढवत कुणीच नाही. आणि सुट्टी घेतली की कापतात." त्या दिवशी बसून ठरवलं: दर दिवाळीला एक पगार राहीलच, शिवाय दर जानेवारीत पगारवाढ, आणि महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या. मावशींनी ते वहीच्या कागदावर लिहून मागितलं. तो कागद त्यांनी उरलेल्या तिन्ही घरी नेऊन दाखवला. दोघांनी मान्य केलं आहे. तिसऱ्या घरच्या ताईंशी बोलायला या रविवारी मीही त्यांच्याबरोबर जाणार आहे.