उभी बाज

भाचीच्या लग्नात मामानं दिवाण द्यायचा, ही आमच्याकडची रीत. आणि मामा स्वतः सुतार असल्यावर तो दुकानातून आणून चालत नाही. खामगावच्या माझ्या शेडमध्ये महिनाभर खपून सागाचा दिवाण केला. सव्वासहा फूट लांब, चार फूट रुंद, खाली तीन खण. टेम्पोनं पुण्याला, वाकडला पाठवला. तो लिफ्टमध्ये शिरेना आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर असा अडकला की हमालानं विचारलं, पाय कापू का? रात्री अकरा वाजता पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली झाकून ठेवला. आठ दिवसांनी तो परत खामगावला आला. अजून शेडमध्येच आहे. दुपारी मी त्यावर पडतो.

भाचीचं घर म्हणजे वन आरके. दहा बाय बाराची खोली, त्यातच एका कडेला ओटा. दार, खिडकी, कपाट आणि फ्रिज वजा केला तर रिकामी म्हणावी अशी एकच भिंत, सात फुटांची. रात्री दोघांना झोपायला जागा हवी आणि दिवसा जावईबुवांना घरून काम करायला. भाची म्हणाली, "मामा, घडीचं काही जमते का पाहा न."

घडीच्या कामाचा मला मोठा गर्व होता. वडील बाभळीच्या तिफणी, वखर, डवरे करायचे. ट्रॅक्टर आले तसं ते काम आटलं आणि मी प्लाय-सनमायकाकडे वळलो. पण पोथी ठेवायची घडीची ठवणी मात्र त्यांनी शेवटपर्यंत केली. शेगाव पंधरा-वीस किलोमीटरवर, घरोघर 'गजानन विजय'चं पारायण, त्यामुळे गिऱ्हाईक तुटायचं नाही. पाऊण इंच जाडीची एकच फळी घ्यायची. मधोमध दोन्ही अंगांनी एकाआड एक बोटं कोरायची, मग फळीची जाडी दोन्ही टोकांकडून बोटांपर्यंत करवतीनं चिरत आणायची. शेवटचा चिरा सुटला की ती फळी कात्रीसारखी उघडते. खिळा नाही, बिजागरी नाही. शिकताना मी तीन फळ्या मोडल्या होत्या. चौथी उघडली तेव्हा वडील फक्त म्हणाले, "आता दुसरी कर."

पण पोथीचं वजन वेगळं आणि माणसाचं वेगळं.

पहिल्यांदा मी भिंतीत उभा मिटणारा पलंग करायला घेतला. अमेरिकेत विल्यम मर्फीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत त्याचं पेटंट घेतलं, म्हणून जगभर तो त्याच्याच नावानं ओळखला जातो. मोबाइलवर पाहिलं तर सोपा वाटला. त्याचा सगळा भार मात्र भिंतीवर असतो, आणि तिथली भिंत निघाली सिपोरेक्सच्या ठोकळ्यांची. हलका, सच्छिद्र ठोकळा. आमच्या विटेच्या भिंतीत बसतो तो साधा प्लग तिथं नुसता गोल फिरत राहिला. त्यासाठी खास लांब फास्टनर मिळतात, पण त्या आधीच घरमालकाचा फोन आला. भाड्याच्या घरात आणखी भोकं पाडायची नाहीत. मला तो पलंग उतरवावा लागला.

दुसरा केला तो आडवा. लांब बाजूवर बिजागऱ्या, आणि पेटी जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभी. मिटला की सव्वातीन फूट उंच, वरच्या फळीवर देव्हारासुद्धा बसतो. उंची कमी म्हणून उलथायची भीतीही कमी. तरी तळाला जड फळी घातलीच. झोपायची रुंदी अवघी तीन फूट, म्हणून खालून सरकून येणारी दुसरी चौकट दिली. सगळे भाग असे पाडले की खामगावहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत आडवे राहतील. टेम्पोचं भाडं एकदा भरलं होतं, ते पुरे झालं.

मग आली गादी. बहिणीनं हौसेनं पिंजाऱ्याकडून भरून दिलेली, आपल्याकडच्या कापसाची. खामगावच्या कापसासाठी इंग्रजांनी १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आणला. आता त्याच गावच्या मुलीनं फोमवर झोपावं, हे बहिणीला कसं पटणार? वजन बारा किलो. पलंग उचलायला मदत करणारे गॅसचे दट्टे मी फोमच्या हिशेबानं घेतले होते. १८ मिलिमीटरची आठ बाय चारची प्लाय चौतीस किलोच्या आसपास भरते, म्हणजे सहा बाय तीनचा पाट एकोणीस किलोचा. त्यात ही गादी. कडेला धरून उचलताना त्याचा निम्मा भार, पंधरा-सोळा किलो, दट्ट्यांनी पेलला नाही तर भाचीच्या हातावर येणार. पाट १२ मिलिमीटरचा केला, खाली चौकट दिली, दट्टे बदलले. तरी पलंग मिटला की कापूस खाली सरके आणि सकाळी गादी पोत्यासारखी बसलेली. शेवटी बाजेची नवार आठवली. तिचे दोन पट्टे आडवे आवळले, तेव्हा गादी जागेवर राहिली.

हे सगळं जमलं आणि मेहकरहून विहीणबाई आल्या. मिटलेल्या पलंगाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाज उलटी करून ठेवली का हो?" मी गप्प झालो. आमच्याकडे दिवसा बाज भिंतीला उभी करतात, त्याला कोणाची हरकत नसते. उलटी मात्र ठेवत नाहीत, ती घरात कोणी गेल्यावरची खूण. आणि मिटलेल्या पलंगाचं बूड सबंध खोलीला दिसत होतं, आडव्या पट्ट्यांसकट. ही चूक कुठल्या व्हिडिओत सापडली नसती. दुसऱ्या दिवशी बुडावर सपाट प्लाय मारली, फिकट सनमायका लावला, मधे आरसा बसवला. विहीणबाईंनी आरशात कुंकू नीट केलं आणि तो विषय संपला.

त्याच बुडावर कामाचं टेबलही काढायचं डोक्यात होतं, पलंग खाली येताना फळी आडवीच राहील असं. दोनदा करून पाहिलं. लॅपटॉप वाचला, चहाचा कप वाचला नाही. तो नाद सोडला आणि खिडकीखाली साधी पडती फळी दिली, दीड फुटाची, दोन ब्रॅकेटवर.

तीन महिन्यांनी गेलो तर सकाळचे अकरा वाजलेले आणि पलंग उघडाच. भाची ओशाळली. मिटायच्या आधी उशा काढा, पांघरुणं काढा, ती कपाटात कोंबा, मग पट्टे आवळा. कामावर जायच्या घाईत हे कोण करणार? मला तिचा राग आला नाही, स्वतःचा आला. पेटीची खोली मी इंचाइंचानं वाचवली होती, आणि त्या वाचवलेल्या चार इंचांपायी सबंध पलंग दिवसभर पसरलेला. नवीन पेटी चार इंच जास्त खोल केली. उशा-पांघरुणं आतच राहतात, एकच पट्टा, एकदा उचललं की झालं. तेव्हापासून कोणीही गिऱ्हाईक पेटी बारीक करा म्हणालं की मी आधी विचारतो, सकाळी मिटणार कोण?

आता वर्षाला असे सात-आठ पलंग जातात, बहुतेक इकडच्याच पोरांचे, पुण्यात नाहीतर संभाजीनगरला. गेल्या दिवाळीनंतर वाकडला मुक्काम होता. विहीणबाईही होत्या. पलंग आम्हा पाहुण्यांना दिला तर त्यांनी ऐकलं नाही, खाली सतरंजीवर गोधडी टाकून झोपल्या. पहाटे मला जाग आली तेव्हा त्या आंघोळीला गेल्या होत्या आणि दारामागे वळकटी उभी होती, पातळाच्या काठानं बांधलेली. खिशातून टेप काढून मोजली. जाडी नऊ इंच, उंची तीन फूट.