लालबागचे फोटो ठेव

चि. छकुलीस,


तुझी पीडीएफ आधी कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर पाहिली आणि मग मुद्दाम मोबाइलवर, कारण ज्या आर्ट डायरेक्टरांना तू ती पाठवणार आहेस ते ती बहुधा टॅक्सीत बसून मोबाइलवरच पाहतील. स्पष्ट मत हवं म्हणालीस, म्हणून स्पष्टच लिहिते. पाण्याचे शिंतोडे उडणारी अत्तराची बाटली, मरीन ड्राइव्हचा पावसाळी समुद्र, बाणगंगेच्या पायऱ्यांवरचे आजोबा, लाल प्रकाशातली तुझी मैत्रीण, ससून डॉकची पहाट. सगळं नीट आहे. तुला प्रकाश कळतो, फोकस हवा तिथे आहे, रंग आवरलेले आहेत. जे.जे.त तू मन लावून शिकलीस हे दिसतं. पण ही पानं तुझ्या वर्गातल्या कुणाच्याही पोर्टफोलिओत घातली, तरी ती तुझी आहेत हे कुणी ओळखणार नाही. त्यानंतर लालबाग सुरू होतं, आणि तिथे मी थांबले.

मिरची गल्लीतले ते फोटो मी पुन्हा पुन्हा उघडते आहे. वर्षाचा मसाला करून घ्यायला आलेल्या बायका, बेडगीचे आणि संकेश्वरीचे ढीग, देठं खुडणारी बोटं, कांडपाच्या यंत्रापाशी तोंडाला फडकं बांधून उभी असलेली बाई आणि तिच्या पापण्यांवर बसलेली लाल भुकटी. पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप हवेतल्या त्या भुकटीमुळे चक्क दिसते. असा प्रकाश स्टुडिओत उभा करायला मी आयुष्यभर बटर पेपर आणि थर्माकोल घेऊन धडपडले आहे. तुला तो मिळाला, कारण ठसका आवरत, लेन्स पुसत तू तिथे उभी राहिलीस. आणि तो एक फोटो, ज्यात गिऱ्हाईक बाई चिमूटभर मसाला तळहातावर घेऊन हुंगते आहे आणि कांडपवाली तिच्या चेहऱ्याकडे बघत निकालाची वाट पाहते आहे! त्यात वर्षानुवर्षांची ओळख आहे, थोडी धाकधूक आहे, कामाचा अभिमान आहे. गल्लीत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला हा फोटो मिळत नाही. नवख्या माणसाला बघून लोक हातातलं काम सोडून कॅमेऱ्याकडे बघतात. त्याची सवय झाली की परत कामाला लागतात, आणि तुझं काम तिथून सुरू होतं.

म्हणून बाकीची बरीच पानं काढून टाक आणि लालबागला परत जा. तुझे सगळे फोटो उन्हाळ्यातले आहेत. हंगाम संपल्यावर, पावसात, ती गल्ली कशी दिसते? कांडपावर काम करणाऱ्या बायका तेव्हा कुठे असतात? संध्याकाळी घरी गेल्यावर हातांची आग कशी शमवतात? हे अजून तुझ्याकडे नाही, आणि ते दुसऱ्या कुणाकडेही नाही.

छायाचित्रकार दयानिता सिंग अहमदाबादला एनआयडीत शिकत होत्या, तेव्हा त्यांनी तबलावादक झाकीर हुसेन यांचे फोटो काढायला घेतले. थोड्याशा फोटोंवरही असाइनमेंट पुरी होऊन गुण मिळाले असते. पण त्या वादकांबरोबर मैफलींच्या दौऱ्यांवर हिंडत राहिल्या आणि १९८६ साली त्यांचं पहिलं पुस्तक त्यातून निघालं. पुढे त्यांनी परदेशी नियतकालिकांसाठी काम केलं, ते सोडलंही, आणि पुस्तक हेच आपल्या फोटोंचं खरं घर मानलं. २००८ चं ‘सेंट अ लेटर’ म्हणजे एका पेटीतल्या सात छोट्या घडीच्या पुस्तिका. कॉलेजच्या ग्रंथालयात नसेल तर माझ्याकडे ये, आपण ती कुठे पाहायला मिळते ते शोधू. फोटो एकेकटा पाहणं आणि फोटोंना शेजार देणं यात किती अंतर आहे, ते तुला हातात घेतल्याशिवाय कळणार नाही. २०२२ मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. विद्यार्थिदशेतल्या त्या पहिल्या कामात जी चिकाटी होती, तीच मला त्यांच्या पुढच्या सगळ्या पुस्तकांत दिसते.

आपल्याकडचे सुधारक ओलवे बघ. मुंबईत वृत्तछायाचित्रकार म्हणून रोजचं काम करताना ते महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये जात राहिले. कचऱ्याच्या ढिगात उभी असलेली, गटारात उतरणारी माणसं, त्यांची घरं, त्यांची बायकामुलं. दुसऱ्या दिवशीच्या अंकाला त्याची गरज नव्हती. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्यांचं नाव घेतलं की माझ्या डोळ्यांपुढे ती माणसंच येतात.

तू म्हणशील, मावशी, मला पोटापाण्याचं विचारायचं होतं. तेच सांगते आहे. मसाल्याच्या जाहिरातीसाठी फोटोग्राफर शोधणारा माणूस तुझी अत्तराची बाटली पाहून पान उलटेल. ती तिरीप पाहून तो तुझा नंबर शोधेल.

आता नावाचं आणि मालकीचं. यात मला कुणी घाई केलेली आवडत नाही, म्हणून सावकाश वाच. तुझ्याच जे.जे.त शिकलेल्या होमाई व्यारावाला या आपल्याकडच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये त्यांचे सुरुवातीचे फोटो आले, तेव्हा एका फोटोचा एक रुपया मिळाला. पण ते काम छापलं जायचं त्यांच्या पतीच्या, माणेकशॉ यांच्या नावाने. बाईच्या नावाला तेव्हा किंमत नव्हती. पुढे दिल्लीत ‘डालडा १३’ या टोपणनावानेही त्यांनी काम केलं, स्वातंत्र्याच्या आसपासचा सगळा काळ टिपला आणि १९७० मध्ये कॅमेरा बाजूला ठेवला. पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. त्यांचा संग्रह आज अल्काझी फाउंडेशनकडे आहे. निगेटिव्ह जपल्या गेल्या, म्हणून ते नाव पुन्हा त्या फोटोंना जोडता आलं. तुझ्या प्रत्येक फाइलच्या मेटाडेटात तुझं नाव, तारीख, जागा आणि ओळखीची एक ओळ त्याच रात्री भरत जा.

नावापेक्षा मोठी गोष्ट कायद्यात आहे. फोटो काढणारी व्यक्ती हीच त्याची कर्ती, असं १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो, आणि त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. पण त्याच कायद्याचं कलम १७ वाच. कुणी मोबदला देऊन तुझ्याकडून फोटो काढून घेतला आणि तुमच्यात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा. तू नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंचा मालक साधारणपणे तुझा मालक. इथे किती मुलं फसतात! ब्रोशरसाठी म्हणून शूट होतं, ब्रोशरच्याच हिशोबाने पैसे मिळतात, आणि दोन वर्षांनी तोच फोटो हायवेवरच्या होर्डिंगवर दिसतो. विचारायला जावं तर हातात कागद नसतो.

तेव्हा कोटेशनमध्ये एक परिच्छेद कायमचा छापून ठेव: कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, क्लायंटला अमुक माध्यमात, अमुक काळासाठी, अमुक प्रदेशात वापराचा परवाना असेल. शूटच्या आधी त्यावर सही घे. क्लायंटला सगळे हक्क कायमचे हवे असतील तर जरूर दे, पण तो बायआउट झाला आणि त्याची किंमत निराळी. हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशीच सोपवावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि हक्क विकल्यावरही हा फोटो माझा आहे असं सांगण्याचा अधिकार, कलम ५७ प्रमाणे, तुझ्याकडेच राहतो. प्रसिद्ध झालेल्या फोटोचा कॉपीराइट तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. आज लालबागला काढलेला फोटो तुझ्या म्हातारपणीही तुझं घर चालवायला हातभार लावू शकतो. आता त्या परिच्छेदात आणखी एक वाक्य घालावं लागेल: हे फोटो एआयला शिकवण्यासाठी वापरता येणार नाहीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे डबे-बाटल्या येत्या काळात यंत्राकडून होतील असं मला वाटतं, त्यावर करिअर उभं करू नकोस.

इतकं सगळं तुझं म्हणून सांगितल्यावर त्या बायकांचं सांगायलाच हवं. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे एका स्थलांतरित आईचा फोटो काढला. जगभर तो छापला गेला. लँगने त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. ते जगाला कळलं १९७८ मध्ये: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. त्या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही, याची खंत त्यांनी बोलून दाखवली. लँग सरकारी नोकरीत होत्या, फोटो सरकारचा होता, त्यांनाही त्यातून वेगळं मानधन मिळालं नाही. तरी त्या दोघींच्या तोट्यांत फरक आहे, आणि तो तू विसरू नयेस असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या पीडीएफमध्ये कांडपवालीच्या फोटोखाली लिहिलं आहे, ‘श्रमिक स्त्री, लालबाग’. तिचं नाव काय? विचार, आणि तिची हरकत नसेल तर तेच लिही. प्रिंट काढून तिला नेऊन दे, चांगल्या कागदावर, मोबाइलवर पाठवून भागवू नकोस. संमतीपत्र साध्या मराठीत कर आणि सही घेण्याआधी मोठ्याने वाचून दाखव. प्रदर्शनात लावणं, मासिकात छापणं आणि मसाल्याच्या पाकिटावर वापरणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पाकिटाची वेळ आली तर तिला पुन्हा विचारायचं, आणि त्या पैशात तिचा वाटा ठेवायचा. हे तू करशील याबद्दल मला शंका नाही, पण पहिल्या मोठ्या कामाच्या गडबडीत हेच आधी मागे पडतं.

असिस्टंट म्हणून राहू का, हा तुझा प्रश्न. रहा. ज्याचे फोटो आवडतात त्याच्याकडे नको, ज्याच्या सेटवर माणसं शांत असतात त्याच्याकडे रहा. तिथे लाइटची मांडणी तर शिकशीलच. त्याहीपेक्षा, क्लायंट ऐन वेळी ब्रीफ बदलतो तेव्हा काय बोलायचं, लाइटमनच्या जेवणाची वेळ कशी पाळायची, कोटेशनमध्ये कशाकशाचे पैसे धरायचे, हे बघून घे. गौतम राजाध्यक्षांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली, लिंटाससारख्या जाहिरात संस्थेत वर्षानुवर्षं नोकरी केली आणि मग ते पूर्णवेळ फोटोग्राफीकडे वळले. त्यांचं ‘चेहरे’ हे पुस्तक उघडून त्यातल्या व्यक्तींचे खांदे बघ. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाचा ताण आधी खांद्यांत येतो, आणि त्या फोटोंत तो नसतो. समोरच्याला इतकं निवांत करणं ही आधी माणसांमध्ये वावरून आलेली गोष्ट आहे.

कॅमेरा आत्ता नवा घेऊ नकोस. आहे तो पुरेसा आहे, मोठ्या कामाला भाड्याने आण आणि ते भाडं कोटेशनमध्ये लाव. त्या पैशात दोन हार्ड डिस्क घे, एक माझ्याकडे ठेव. पावसाळ्यात लेन्सना बुरशी लागू नये म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल घे, आणि मिरचीची पूड कापडाने पुसू नकोस, आधी ब्लोअरने उडव.

राहता राहिली तुझी आई. ताई पैशांची काळजी करते ती उगाच नाही. तिने माझी थकलेली बिलं पाहिली आहेत, त्यांच्यासाठी मी केलेले फोन ऐकले आहेत. म्हणून उद्यम नोंदणी आत्ताच करून टाक, त्यासाठी पैसे पडत नाहीत. नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायला हवं, असं २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात आहे, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बिलाच्या तळाशी ते कलम छापून ठेव. अर्धे पैसे ॲडव्हान्स मिळाल्याशिवाय स्टुडिओ बुक करू नकोस, मग क्लायंट ओळखीतला असो की नात्यातला.

ताईला मी फोन करते. तू बिलाचा आणि कोटेशनचा मसुदा कर, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही, आणि या रविवारी घेऊन ये. माझ्या जुन्या करारांची फाइल काढून ठेवली आहे, कुठली अट मान्य करायची आणि कुठली खोडायची ते एकेक करून बघू.

तुझी,
मावशी