दोन थेंब सिमेंट आणि एक मिग

प्रभादेवीत सिमेंटला काय तोटा! सिद्धिविनायकाच्या आसपास दहा मिनिटं उभे राहा, एखादा मिक्सर गरगरत जाणारच. जुनी बिल्डिंग पडते, टॉवर चढतो, आणि आपण रुमालाने नाक झाकून ऑफिस गाठतो. आमच्या घरात सध्या ज्या सिमेंटची चर्चा आहे ते मात्र चाळीस मिलिलिटरच्या चौकोनी बाटलीत येतं. दिसायला पाण्यासारखं पातळ, झाकणाच्या आत बारीकसा ब्रश. प्लॅस्टिकची मॉडेल्स जोडण्याचं हे लिक्विड सिमेंट.

हा नाद घरात आला तो बाबांमुळे. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला. १९६३मध्ये दाखल झालेलं विमान, बासष्ट वर्षांची नोकरी. टीव्हीवर एकीकडे सलामी चालली होती आणि दुसरीकडे ‘उडती शवपेटी’ हे शब्द. ते शब्द आले की बाबा आवाज बंद करायचे. कारण बाबा ओझरचे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४मध्ये उभा राहिला तोच मुळी मिगसाठी. बाबा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे लागले. मिग-२१ बिस, असेंब्ली.

आई गेल्यावर नाशिकचं घर बंद करून मी त्यांना इथे आणलं. सकाळी सिद्धिविनायक, संध्याकाळी दादर चौपाटी आणि मधले सगळे तास एकच पेपर उलटापालटा. आयुष्यभर हाताने काम केलेला माणूस रिकाम्या हातांनी बसलेला बघवत नाही हो. म्हणून १:७२ स्केलचं मिगचं किट मागवलं. खरं विमान पंधरा मीटरच्या आसपास, हे वीस सेंटिमीटर. डायनिंग टेबलवर सहज उतरतं.

बाबांनी खोका उघडला आणि पहिला प्रश्न टाकला, “रिवेट कुठे आहेत?”

रिवेट नाहीत आणि खरं तर गोंदही नाही. फेव्हिक्विक दोन तुकड्यांच्या मधे थर बनून बसतं आणि त्यांना धरून ठेवतं. लिक्विड सिमेंट दोन्ही कडांचं पॉलिस्टायरीन किंचित विरघळवतं. मऊ झालेल्या कडा एकमेकींत मिसळतात, सिमेंट उडून जातं आणि मागे उरतं फक्त प्लॅस्टिक. बाबा म्हणाले, “म्हणजे वेल्डिंगच की!” अगदी बरोबर. इंग्रजीतही याला सॉल्व्हंट वेल्डिंगच म्हणतात.

आता प्रश्न, कुठलं घ्यायचं? झाकणाचा रंग बघा. तामियाचं हिरव्या झाकणाचं ‘एक्स्ट्रा थिन’ सगळ्यात पातळ. त्यात अ‍ॅसिटोन असतं, म्हणून वास नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. लांब, सरळ सांध्यांसाठी हेच. केशरी झाकणातलं जरा घट्ट असतं, कारण त्यात पॉलिस्टायरीन आधीच विरघळवलेलं असतं. ते उशिरा सुकतं, त्यामुळे आधी सिमेंट लावून मग तुकडा बसवायचा असेल, थोडा हलवून सरळ करायचा असेल, तर ते बरं. अगदी बारीक तुकड्यांसाठी रेव्हेलचं सुईसारख्या नळीचं मिळतं. संत्र्याच्या सालीचा वास येणारं लिमोनिनवालंही असतं. पण वास गोड आहे म्हणून खिडकी लावून बसायचं नाही. कुठलंही सिमेंट घ्या, खिडकी उघडी, गॅस बंद आणि बाटली देवघरातल्या निरांजनापासून लांब. गंमत बघा, हे ज्वलनशील असल्यामुळे विमानप्रवासात सोबत नेता येत नाही. विमान जोडणाऱ्यालाच विमानात बंदी!

बाटली उंच आणि कलंडणारी. ती बसवायला बाबांनी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल आणला. मी काही न बोलता त्यावर एक थेंब टाकला. बघता बघता भोक! थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. बाबांनी त्यानंतर अर्धा तास भोकं पाडली. मग बाटली स्टीलच्या जड वाटीत, डबल टेपवर.

लावायची रीत सोपी, पण क्रम उलटा. गोंद आपण आधी लावतो आणि मग चिकटवतो. इथे तुकडे आधी कोरडेच जुळवायचे, टेपने धरायचे, ब्रश बाटलीच्या काठावर निपटायचा आणि सांध्याला फक्त टोक टेकवायचं. पुढचं काम सिमेंट स्वतः करतं. दिव्याची वात तेल ओढते तशी ती बारीक फट सिमेंट ओढून घेते. टेपच्या खाली किंवा बोटाजवळ टेकवू नका, तिथेही ते शिरतं आणि बोटाचा ठसा प्लॅस्टिकवर कायमचा उमटतो. कडेला रंग असेल तर आधी खरवडा, कारण रंगावरचा सांधा धरत नाही. मग हलकं दाबा. सांध्यातून मऊ प्लॅस्टिकची रेघ वर येते. ती पुसायची नाही. रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपरने घासा. सांधा गायब.

या थांबण्याच्या वेळातच बाबा बोलायला लागले. इतकी वर्षं मला माहीत होतं ते फक्त शिफ्टचं टायमिंग. एका रात्री दोन्ही हातांत विमानाचं पोट धरून ते म्हणाले, “अपघाताची बातमी आली की शॉपमध्ये कुणाला जेवण जायचं नाही. पायलट उतरला का, एवढंच विचारायचो.” मी काही बोलले नाही. सिमेंटने तोवर धरलं होतं, पण त्यांनी विमान खाली ठेवलं नाही.

शेवटी राहिली कॅनॉपी, म्हणजे पायलटवरची काच. खोक्यात एकच, जादा नाही. इथे लिक्विड सिमेंट बंद! ते पारदर्शक प्लॅस्टिकवर ओघळलं की काच कायमची खराब होते. फेव्हिक्विकच्या वाफेने पांढरी धुरकट साय येते. आणि बाबांना ती काच स्वतः बसवायची होती, त्या थरथरणाऱ्या हातांनी.

इलाज स्वस्त निघाला. साधं पांढरं फेव्हिकॉल, टूथपिकच्या टोकावर. ते पारदर्शक सुकतं आणि ओलं असेपर्यंत पाण्याच्या कापडाने पुसता येतं. ताकद कमी, पण काचेवर भार तरी कसला? घाई नाही, हात हलला तर पुसा, परत लावा. बाबांनी दोनदा पुसलं. तिसऱ्या वेळी काच बसली, स्वच्छ. आतली सीट दिसते.

मिग आता टीव्हीशेजारी आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला “हे बिस” म्हणून ओळख करून दिली जाते. काल मी ऑफिसला निघताना बाबांनी मागून हाक मारली.

“अगं, नॅटचं किट मिळतं का बघ. ते बंगळूरवाल्यांनी केलेलं, पण चालेल.”