फांगण्याची आजीबाईंची शाळा

वाचकहो, ठाणे जिल्ह्यात मुरबाडकडे गेलात, तर फांगणे गावाची वाट जरूर धरा. ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने येथे आजीबाईंची शाळा भरली. ‘मुलीच्या जातीला शाळा कशाला?’ म्हणून लहानपणी घरीच राहिलेल्या आज्या घरकाम, शेतकाम उरकून, गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. शिकवायला गावचीच सून. तिची सासूही विद्यार्थिनींत! जन्मभर अंगठा उठवणारे हात सही करू लागले. कागद जमिनीचा असो वा बँकेचा, वाचता न येणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. तुमच्या घरच्या आजीच्या हाती आज पाटी द्याल ना?