न पाहिलेला गोल

सुताच्या पेढीवर उधारीचा हिशेब साधा असतो. माल उचलला की नावे, पैसे आले की जमा. जे घडलं तेवढंच वहीत. एखादा कारखानदार बुडायच्या बेतात होता, मालकांनी वेळीच हात आखडता घेतला आणि दोन लाख वाचले, याची नोंद कुठल्याच पानावर नसते. चादरी-टॉवेलवाल्यांना सूत देणाऱ्या अशाच एका पेढीवर मी सोलापुरात खाती लिहितो. त्याआधी फुटबॉलमध्ये स्टॉपर होतो. स्टॉपरची सगळी कमाईही अशीच, न घडलेल्या गोष्टींची. न झालेला गोल कुणी लिहून ठेवत नाही.

म्हणून हे ऋण कुठल्या खात्यावर टाकावं ते मला अजून कळलेलं नाही. ज्यांचं आहे त्या दोघांना मी कधी भेटलेलो नाही.

आमचं घर शुक्रवार पेठेत, आजोबा गणपतीपासून हाकेच्या अंतरावर. हा गणपती १८८५ पासूनचा, म्हणजे लोकमान्यांच्या गणेशोत्सवाच्याही आधीचा, हे ऐकवल्याशिवाय पेठेतला माणूस पाहुण्याला चहा देत नाही. गल्लीत क्रिकेट. फुटबॉल शाळेतल्या सरांमुळे आला आणि तो होम मैदानावर खेळायचा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा मैदानावर बसली की आमचा खेळ बंद. जत्रा उठली की पाळणे आणि दुकानं जायची, खिळे मात्र मातीत राहायचे. सर आम्हाला आडवी रांग करून, मान खाली घालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचे. प्रत्येकाने आपल्या पायापुढचे खिळे वेचायचे. निम्मी पोरं अनवाणी खेळायची, त्यामुळे कामचुकारपणा परवडणारा नव्हता. आजही बचावाची फळी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तीच रांग येते.

मी अंगाने जड आणि पायाने मंद. पहिल्याच दिवशी एक मोठा पोरगा म्हणाला, “ए जाड्या, तू मागं थांब बे.” गल्लीच्या खेळात मागं थांबणं म्हणजे उरलेला असणं. गोल मारणाऱ्याला खांद्यावर घ्यायचे. आमच्याकडून चूक झाली तरच आमचं नाव निघायचं, तेही शिवीसकट. सोळाव्या वर्षी माणूस याहून मोठा अन्याय कल्पू शकत नाही. डिसेंबर २००५ मध्ये मी खेळ सोडायचं ठरवलं. गड्डा येतोच आहे, जत्रेनंतर जायचंच नाही, कुणाला सांगायलाही नको, असा हिशेब होता.

अठरा डिसेंबरला रविवार होता. पेपरातल्या खेळाच्या पानावर क्रिकेटच्या गर्दीत एक छोटी बातमी होती. कराचीत सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशाला २-० ने हरवलं. एक गोल भुतियाचा. तो तर असणारच. पण पहिला गोल महेश गवळीचा. बचावपटू, गोव्याचा.

मी ते मोठ्याने वाचलं असणार, कारण आज्जी स्वयंपाकघरातून म्हणाली, “कोण गवळी? दूध घालतो का रे आपल्याकडं?”

“नाही गं आज्जी. बॅक आहे. फुटबॉलमधला.”

“मग पेपरात कशाला आलाय?”

आज्जीने नेमकं बोट ठेवलं होतं. बॅकचं नाव पेपरात कशाला येईल? मी बातमी पुन्हा वाचली. आडनाव आपल्यातलं, जागा माझी. त्या दिवशी आज्जीने दोनदा हाक मारूनही मी जेवायला उठलो नाही, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सरांना ते कात्रण दाखवलं. सर हसले, मातीत बसले आणि काडीने एक नकाशा काढला. म्हणाले, “महिन्यापूर्वी अजून एका बॅकनं असंच केलंय. त्रिनिदाद.” पोरं लगेच गोळा झाली. “लाराचं त्रिनिदाद?” लाराचंच. वेस्ट इंडीज आम्हाला क्रिकेटमुळे पाठ होतं, तिथे फुटबॉल खेळतात ही बातमीच होती. १६ नोव्हेंबरला बहारीनमध्ये ड्वाइट यॉर्कने कॉर्नर मारला आणि डेनिस लॉरेन्स नावाच्या बचावपटूने तो डोक्याने आत घातला. त्या एका गोलावर त्रिनिदाद अँड टोबॅगो पहिल्यांदाच विश्वचषकाला निघालं. लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास. सर म्हणाले, “आपल्या गावाला शेजारची दोन गावं जोडली की झाला देश.”

लॉरेन्स साडेसहा फुटांच्याही वर उंच. आधी आपल्या देशाच्या लष्करी संघात खेळायचा. सत्ताविशीच्या सुमाराला वेल्समधल्या रेक्सहॅमला गेला, म्हणजे जिथे इतरांची कारकीर्द मध्यावर असते तिथे याची सुरू झाली. हे सगळं मला फार नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच की एका महिन्यात जगाच्या दोन कोपऱ्यांत दोन बॅक गोल मारून गेले आणि मी मात्र खेळ सोडायला निघालो होतो. जत्रा उठल्यावर मी खिळे वेचायला रांगेत हजर होतो.

पण मला खरा बचाव शिकवला तो गोल न झालेल्या सामन्याने. १० जून २००६, डॉर्टमुंड, त्रिनिदाद विरुद्ध स्वीडन. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. त्या वर्षीचं भारनियमन ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. आमच्या भागात वीज कधी जाईल याचं वेळापत्रक होतं आणि ते कधीच पाळलं जात नव्हतं. एका मित्राच्या वडिलांच्या दुकानात इन्व्हर्टर होता. सुताच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही सात जणांनी तो सामना पाहिला. उत्तरार्ध सुरू होतो न होतो तोच त्रिनिदादच्या एव्हरी जॉनला दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे दहा जण उरले. समोर लार्सन आणि इब्राहिमोविच. पुढची पंचेचाळीस मिनिटं लॉरेन्स काय करत होता? काहीच नाही, असं माझा मित्र म्हणाला. मी फक्त त्याच्याकडेच पाहत होतो. तो धावतच नव्हता फारसा. चेंडू जिथे येणार तिथे तो आधीच उभा असायचा. मंद पायांच्या माणसाला याहून मोठी बातमी नसते. सामना ०-० सुटला आणि त्रिनिदादचे लोक विश्वचषक जिंकल्यासारखे नाचले.

महेश गवळीला मात्र मी पडद्यावर फार थोडा पाहिला, बाकी वाचलाच. तो टाटा फुटबॉल अकादमीत घडलेला. २००३ मध्ये ईस्ट बंगालने जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली त्या संघात होता. पुढे गोव्याच्या धेंपो क्लबात गेला आणि आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली त्या संघाने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी तीनदा आय-लीग घेतली. कोलकात्याला हे आवडलं नसणार, आम्हाला फार आवडलं. बातम्यांत नावं यायची रँटी मार्टिन्सची, बेटोची. मी शेवटच्या ओळीत गवळी शोधायचो, आणि नाव नसलं की समजायचो, सगळं ठीक चाललंय.

माझा गुडघा गेला तेव्हा मी एकविसाचा होतो. त्यात कुणाची चूक नव्हती. पावसाळी मैदान, वळलेला पाय. नंतर पेढी. सात वर्षं मी होम मैदानाच्या बाजूचा रस्ता टाळत राहिलो. पंचकट्ट्याकडचं काम निघालं तरी लांबून वळसा घालायचो. मालक म्हणायचे, “तुझं पेट्रोल फार जळतं.”

मग २०१७ आलं. जुलैपासून जीएसटीने आम्हा सूतवाल्यांचं डोकं खाल्लेलं. सप्टेंबरात, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या निमित्ताने, सरकारने राज्यभर शाळांतून फुटबॉल खेळवायचा घाट घातला. शाळाशाळांत चेंडू पोचले आणि ते फुगवायचे कसे हे विचारायला एक शिक्षक थेट पेढीवर आले. पंपाची सुई चेंडू आतून न फाडता कशी घालायची, ते मी दाखवलं आणि परत खात्यांत डोकं घातलं.

महिनाभराने, लक्ष्मीपूजनासाठी नव्या वह्या आणायला निघालो होतो, ११ ऑक्टोबरची सकाळ, तेव्हा मोबाईलवर बातमी दिसली. त्रिनिदादने अमेरिकेला २-१ ने हरवलं. अमेरिकेला विश्वचषक गाठायला नुसती बरोबरी पुरत होती. त्रिनिदाद गटात तळाला, त्यांचं सगळं आधीच संपलेलं. तरी ते हरले नाहीत, आणि अमेरिका घरी बसली. त्रिनिदादचा प्रशिक्षक कोण? डेनिस लॉरेन्स. मधल्या काळात तो विगन आणि एव्हर्टनमध्ये रॉबर्टो मार्टिनेझसोबत प्रशिक्षक होता, आणि वर्षाच्या सुरुवातीला मायदेशी आला होता. (पुढे दोन वर्षांनी त्याला काढलं. प्रशिक्षकाच्या नोकरीला ते चालायचंच.) मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून ती बातमी तीनदा वाचली. तो अजूनही तिथेच होता, गोल होऊ नये म्हणून जिथे उभं राहायचं तिथे. फक्त रेषेच्या बाहेर.

त्या संध्याकाळी वळसा न घालता गेलो. तेव्हापासून आठवड्यातून चार दिवस मी होम मैदानावर पोरं घेतो. शिट्टी सरांचीच आहे. सर त्याआधीच गेले. शिट्टी त्यांच्या मुलाकडे मागायला गेलो, तर तो म्हणाला, “बाबांनी तुमच्यासाठीच ठेवलीय असं समजा.” सरांनी तसं म्हटलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

२०२३ च्या जूनमध्ये बंगळुरूत सॅफ स्पर्धा होती. भारताचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना पाकिस्तानविरुद्ध लाल कार्ड, पुढे कुवेतविरुद्ध पुन्हा लाल कार्ड. नेपाळशी सामना, मग लेबनॉनशी उपांत्य आणि कुवेतशी अंतिम सामना, तिन्ही वेळा रेषेपाशी उभा राहिला तो सहायक प्रशिक्षक. महेश गवळी.

४ जुलैला पाऊस होता. माझी अकरा पोरं आमच्या घरी ओल्या पायांनी आली. लेबनॉनला आधीच पेनल्टीवर काढलेलं होतं. कुवेतने चौदाव्या मिनिटाला गोल केला, छांगटेने बरोबरी साधली आणि पुढे ऐंशी-नव्वद मिनिटं कुणाचंच काही होईना. पेनल्टी. पाच-पाच किकनंतरही बरोबरी. सहावी किक आपल्याकडून महेशने मारली, नावरेम महेश सिंगने. ती आत गेली. मग आपल्या गोलरक्षकाने, गुरप्रीतने, कुवेतच्या कर्णधाराची किक अडवली. पोरं पलंगावर चढली. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आज्जी जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी मैदानावर चिखल. आमच्यातला एक जाडसर पोरगा, नववीतला, कुंपणाशी उभा.

“सर, मला सारखं मागंच का ठेवता?”

मी त्याला कराचीचं सांगितलं. २००५, अंतिम सामना, पहिला गोल, बॅकचा, आणि तोच माणूस काल रात्री रेषेपाशी. त्याने डोळे मोठे केले आणि खिशातून मोबाईल काढला.

“कसा मारला होता सर? डोक्यानं का पायानं?”

“माहीत नाही. मी पाहिलेला नाही तो गोल.”

“अठरा वर्षांत एकदा पण नाही? थांबा, आत्ता शोधतो की.”

“ठेव तो आत,” मी म्हणालो. “आणि डावीकडं दोन पावलं सरक. तिकडून येणार आहे चेंडू.”