ताडोबाच्या वाटेवरच्या लेंड्या

मुलांनो, चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबाला गेलं की सगळ्यांचे डोळे वाघ शोधत असतात. जिप्सी थांबली की तुम्ही मात्र खाली बघा. रस्त्याच्या कडेला काळ्या लेंड्या दिसतील. शी म्हणून नाक मुरडू नका हं!

शेळीच्या लेंड्या पाहिल्या आहेत ना? चितळाच्या साधारण तशाच, पण बऱ्याच लेंड्यांचं एक टोक किंचित निमुळतं. सांबराच्या त्याहून ठसठशीत. रोही, म्हणजे नीलगाय, पुन्हा पुन्हा एकाच जागी येते, त्यामुळे तिथे ढीगच साचतो. चौसिंग्यालाही तीच खोड, फक्त त्याच्या लेंड्या बारीक.

आता ताजी कुठली आणि शिळी कुठली? ताजी लेंडी ओलसर, चकचकीत. फोडली तर आत हिरवट. (फोडायचं काम वनरक्षकाचं, आपण गाडीतून उतरायचं नाही!) ऊन लागलं की चमक जाते, मग भेगा पडतात. सावलीतली उशिरा सुकते, म्हणून नुसता रंग बघून वेळ सांगणारा गडी कच्चाच समजावा. वाळवी, शेणकिडे आणि पाऊस तर हा मजकूर पुसूनच टाकतात.

एखाद्या झाडाखाली खूप लेंड्या आणि अर्धवट खाल्लेला पाला दिसला, तर वर बघा. वानरं वरून पानं-फळं टाकतात आणि चितळं खाली आयती जेवतात.

ही विद्या मुळात शिकाऱ्यांची बरं का. पूर्वी परवाना काढून शिकार करता येई. शिकारी आधी गावातला वाटाड्या गाठत. तो लेंड्या, खुरांचे ठसे, चिखलात लोळल्याच्या खुणा, शिंगं घासून सोललेली साल बघून सांगे, "सांबर या वाटेनं पाण्यावर जातंय." मग तिथे मचाण. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची पद्धतही गेली.

विद्या मात्र राहिली. २००६ पासून दर ४ वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते. तेव्हा वनरक्षक आखलेल्या पट्ट्यांतल्या लेंड्याही नोंदवतात. चितळ-सांबर किती, यावरच वाघाचं पोट अवलंबून ना! लेंड्या कमी झाल्या तर वाघ दिसत असला तरी काळजी करायची वेळ आली समजा.

पण चोरट्या शिकाऱ्यालाही ही लिपी वाचता येते. ताज्या लेंड्या आणि खुरांचे ठसे जिथे जास्त, तिथेच तो तारेचा फास लावतो. फासाला चितळ काय नि वाघ काय, सगळे सारखेच. म्हणून गस्तीवरचा वनरक्षक अशा वाटेवर आला की चाल हळू करतो, आणि काठीने दोन्ही बाजूंचं गवत बाजूला सारत झुडपांचे बुंधे तपासत जातो.